एक टक्क्याचा उजेड : कार्ल आउअर फॉन वेल्सबाख

खेड्यातील लग्नाची वरात, तमाशाचा फड, गणेशोत्सवातील मेळा यांच्या आठवणी वडीलधारी मंडळी सांगू लागली, की त्यांत गॅसबत्ती हटकून येते. पंप मारला की फुरफुरत पेटणारी, इवल्याशा पांढऱ्या जाळीतून लख्ख उजेड फेकणारी! ती जाळी, म्हणजेच मॅंटल, ज्यांनी जगाला दिली त्यांचे नाव मात्र आपल्या कानांवर क्वचितच पडते. ते कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. आजच्या एका महत्त्वाच्या लेसरचा धागाही त्यांच्याच प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोहोचतो.

कार्ल यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील सरकारी मुद्रणालयाचे प्रमुख होते. कार्ल लहान असतानाच, १८६९ मध्ये, त्यांचे छत्र हरपले. व्हिएन्नातील शिक्षणानंतर १८८० मध्ये कार्ल हायडेलबर्गला गेले. तेथे त्यांना रॉबर्ट बुन्सेन यांच्यासारखा गुरू लाभला. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटात त्याच्या स्वतःच्या अशा रेषा असतात, हे बुन्सेन आणि किर्खोफ यांनी दाखवून दिले होते. ही दृष्टी घेऊन आणि १८८२ मध्ये डॉक्टरेट संपादून कार्ल व्हिएन्नाला परतले.

त्यांनी निवडलेला विषय भल्याभल्यांना नकोसा वाटणारा होता. विरल मृत्तिका गटातील मूलद्रव्ये गुणधर्मांनी इतकी सारखी, की एकीला दुसरीपासून वेगळे करणे म्हणजे दुधातून पाणी काढणेच. त्यांपैकी डिडिमियम हे मूलद्रव्य स्वीडनच्या मोसांडर यांनी १८४१ मध्ये शोधले होते. लॅंथॅनमचे जुळे भावंड या अर्थाने त्यांनी त्याला हे नाव दिले. आउअर यांना मात्र ते एकच आहे हे पटेना. त्यांनी त्याचे द्राव्य क्षार घेतले, स्फटिक होऊ दिले, वेगळे केले, पुन्हा विरघळवले, पुन्हा स्फटिक केले. महिनोन्‌महिने हाच क्रम! अखेरीस एका भांड्यात हिरवे आणि दुसऱ्यात गुलाबी-जांभळे क्षार उरले. १८८५ मध्ये त्यांनी जाहीर केले, की डिडिमियम हीच एक जोडी आहे. हिरव्या जुळ्याचे नाव प्रासिओडिमियम आणि नव्या जुळ्याचे निओडिमियम. अनेकांनी शंका घेतल्या. वृद्ध बुन्सेन मात्र शिष्याच्या पाठीशी उभे राहिले.

त्याच वर्षी त्यांनी मॅंटलचे पहिले पेटंट घेतले. सुती जाळी क्षारांच्या द्रावणात बुडवून जाळली, की सूत जळून जाते आणि ऑक्साइडांचा सांगाडा उरतो. ज्योतीत तो तापून झळाळतो. कल्पना नामी होती, पण ते मॅंटल हिरवट उजेड देई आणि हात लागताच चुरा होई. कारखाना काढला, तो १८८९ मध्ये बंद पडला. दुसरा एखादा असता तर येथेच थांबला असता.

आउअर थोरियमकडे वळले. सुरुवातीच्या नमुन्यांनी चांगला उजेड दिला. पण थोरियम ऑक्साइड जसजसे अधिक शुद्ध करावे, तसतसा उजेड मंदावू लागला! सारे आयुष्य शुद्धीकरणाला वाहिलेल्या माणसाला केवढा हा धक्का! परंतु त्यांनी तो अपयश मानला नाही, सूचना मानली. उजेड थोरियमचा नव्हताच. त्यात राहून गेलेल्या किंचित सेरियमचा होता. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण ठरले, आणि १८९१ मध्ये व्हिएन्नातील एका उपाहारगृहासमोर नवा दिवा लागला. पाहता पाहता तो जगभर गेला.

पुढे विजेच्या दिव्यासाठी त्यांनी ऑस्मियम धातूची तार बनवली. १९०३ मध्ये त्यांनी सेरियम आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. सिगारेट-लायटरमध्ये ठिणगी पाडणारा खडा तो हाच. इटर्बियममध्येही दोन मूलद्रव्ये असल्याचे त्यांनी दाखवले; परंतु त्याचे श्रेय १९०९ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज उर्बें यांना मिळाले. ४ ऑगस्ट १९२९ रोजी ऑस्ट्रियातील कॅरिंथिया प्रांतात आउअर यांचे निधन झाले.

पण त्यांच्या नव्या जुळ्याची कथा तेथे संपली नाही. मॅंटलचा उजेड उष्णतेचा. लेसरचा तसा नव्हे. विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या अणूंत प्रकाश देणारे इलेक्ट्रॉन आतल्या कक्षेत, बाहेरच्या कक्षांच्या आडोशाला असतात. शेजारच्या अणूंचा उपद्रव त्यांना फारसा पोहोचत नाही, म्हणून त्यांच्या वर्णपटातील रेषा रेखीव असतात. निओडिमियममध्ये बाहेरून प्रकाश देऊन वर चढवलेले इलेक्ट्रॉन एका पायरीवर क्षणभर रेंगाळतात, आणि खालची पायरी जवळजवळ रिकामी असते. मग एका प्रकाशकणाच्या चाहुलीने दुसरा तसाच कण बाहेर पडतो, त्याने तिसरा, आणि एकाच लयीतला झोत तयार होतो. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलेले हे तत्त्व १९६१ मध्ये निओडिमियमयुक्त काचेत आणि १९६४ मध्ये इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटच्या स्फटिकात प्रत्यक्षात आले. या स्फटिकाचा किरण १.०६४ मायक्रॉन लांबीचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा धूसर झालेला पडदा आज याच किरणाने छेदतात.

आणि गंमत अशी, की त्या स्फटिकातही निओडिमियमचे प्रमाण साधारण एक टक्काच असते! ते फार वाढवले तर अणू एकमेकांचीच ऊर्जा गिळतात आणि किरण दुबळा होतो. आउअर यांनी मॅंटलमध्ये गाठलेले मर्म वेगळ्या कारणाने येथेही खरे ठरले.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी; सूत्रे विसरू, तरी हरकत नाही. पण जे मनासारखे घडत नाही त्याच्याकडे पाठ न फिरवता निरखून पाहण्याची ही वृत्ती विसरू नये. एखाद्याने निष्फळ म्हणून फेकून दिले असते, त्या मंदावत्या दिव्यापाशी आउअर थांबले, म्हणूनच वरातीच्या वाटा उजळल्या.