कुर्ल्याची गाडी, दुसऱ्याचे इंजिन

१९७३ साली जगात तेलाचे संकट उद्भवले आणि पेट्रोल महागले, तेव्हा महाराष्ट्रातील जुन्या अमेरिकी वळणाच्या मोटारींवर गंडांतर आले. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो अशा नावांच्या या गाड्या ऐसपैस होत्या, मजबूत होत्या. पण त्यांच्या बॉनेटखाली साडेतीन लिटरच्या घरातले, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते आणि त्याची तहान भागवणे मालकांच्या आवाक्याबाहेर गेले. काटोलसारख्या संत्र्या-कापसाच्या तालुक्यात पीक आले की पैसा येतो, तेल मात्र बारा महिने लागते. अशा ठिकाणी दारातली मोठी गाडी म्हणजे पांढरा हत्तीच. गाडी विकायची तर घेणारा नाही, मोडीत काढायची तर मन होत नाही. गॅरेजमधील मिस्त्रींनी त्यावर तिसरा मार्ग काढला. साखळी-कप्पी लावून पेट्रोलचे इंजिन उचलायचे आणि त्या जागी डिझेलचे बसवायचे.

काम ऐकायला सोपे, करायला किचकट. ट्रक-ट्रॅक्टरांसाठी मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनणारे पर्किन्स, पुढच्या काळात आकुर्डीच्या मॅटॅडोरचे मर्सिडीज वळणाचे इंजिन, असे जे भंगारबाजारात परवडेल ते आणले जाई. जुना गिअरबॉक्स आणि नवे इंजिन यांची भोके जुळत नसत. मग लेथवर जाड पोलादी तबकडी कातून मध्ये घालायची. इंजिनाचे पाय नव्याने वेल्ड करायचे. डिझेलचे वजन जास्त, म्हणून पुढच्या स्प्रिंगा भक्कम करायच्या आणि बॅटरी मोठी घालायची. डिझेल सावकाश फिरते, त्यामुळे मागचे क्राउन-पिनियन न बदलल्यास गाडी रांगत चालायची. एवढे करूनही थरथर राहायचीच. शेवटी परिवहन कार्यालयात जाऊन नोंदणीपुस्तकात इंजिनाचा नवा क्रमांक चढवून घ्यावा लागे.

यातल्या कित्येक गाड्या परदेशातून आलेल्या नव्हत्या. त्या मुंबईच्या कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. आणि ज्यांनी तो कारखाना उभारला, त्या वालचंद हिराचंद यांचे आयुष्य एका अर्थी याच प्रश्नाशी झुंजण्यात गेले. सांगाडा आपला आणि इंजिन दुसऱ्याचे, हे किती दिवस चालवायचे?

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे काठेवाडातले, गुजराती जैन. पण पिढ्यांपासून दक्षिणेत स्थिरावलेले. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा परंपरागत व्यवसाय. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुण्यात झाले, पण पदवीपर्यंत पोहोचले नाही. पेढीवर बसून व्याज मोजण्यात या तरुणाचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत ठेकेदारी सुरू केली. बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम हे त्यांचे पहिले मोठे काम. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस होते. पुढे ही ठेकेदारी वाढत वाढत बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत आणि मुंबईला तानसाचे पाणी आणणाऱ्या जलवाहिनीपर्यंत गेली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली, ती याच वाटेवर.

इंजिनाचा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे प्रथम समुद्रावर उभा राहिला. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. एका रेल्वेप्रवासात त्यांना कळले, की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची एक बोट विकाऊ आहे. बोटीचे नाव लॉयल्टी. ती काही नवी नव्हती. १८९१ पासून एम्प्रेस ऑफ इंडिया या नावाने कॅनडाच्या कंपनीसाठी तिने पॅसिफिक पालथा घातला होता आणि युद्धात रुग्णनौका म्हणून सेवा केली होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी भागीदार जमवून बोट घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, पण व्यवहार म्हणून पाहिले तर ती बोट आतबट्ट्याचीच ठरली. वय झालेले, खर्च जास्त, त्यात ब्रिटिश कंपन्यांची अडवणूक. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. त्याच वर्षी ब्रिटिश कंपनीशी भाडेयुद्ध थांबवण्यासाठी सिंदियाला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहण्याचा दहा वर्षांचा करार पत्करावा लागला. जुनी बोट विकत घेऊन समुद्रात उतरता येते, पण तेथे टिकायचे तर बोट बांधता आली पाहिजे, हा धडा वालचंदांनी येथे घेतला असावा. कारण पुढे विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेली जलउषा पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

मधल्या काळात रावळगाव आणि वालचंदनगरला ऊस आणि साखर उभी राहिली. उजाड माळावर वसवलेल्या या दोन गावांवर स्वतंत्र लेख होईल.

मोटारीचा विचार त्यांच्या डोक्यात एकट्याचा नव्हता. म्हैसूरचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिसाच्या दशकात युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून भारतात मोटारनिर्मितीची योजना आखली होती. त्या वेळी मुंबईत फोर्ड आणि जनरल मोटर्सचे कारखाने होते. पण ते जुळणीचे. पेट्यांतून सुटे भाग येत, कामगार ते आवळत आणि गाडी रस्त्यावर येई. इंजिन अर्थातच परदेशातून. वालचंद आणि विश्वेश्वरय्या यांचा आग्रह निराळा होता. आरंभी भाग आणावे लागले तरी टप्प्याटप्प्याने इंजिनासह सारी गाडी येथेच घडली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण हिंदुस्थानची बाजारपेठ फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होती आणि तिने दाद दिली नाही. क्रायस्लर मात्र तयार झाली आणि १९४० मध्ये करार झाला. आता अडसर होता तो सरकारचा. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. मोटारीचा कारखाना युद्धासाठी आवश्यक नाही, या सबबीवर यंत्रसामग्रीसाठी परकीय चलन नाकारण्यात आले. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने तो उभारण्याचा बेतही असाच बारगळला. सैन्याला ट्रक हवे होते आणि ते बाहेरून येतही होते, हे लक्षात घेतले की या नकारामागचे कारण निव्वळ युद्ध नव्हते, हे उघड दिसते.

त्याच अमेरिकावारीच्या परतीच्या विमानात त्यांना विल्यम पॉली हा अमेरिकी विमानउद्योजक भेटला. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी जन्मली. एक बोट रेल्वेच्या डब्यात सापडली, एक विमानाचा कारखाना विमानात सापडला! पण जपान युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. वालचंदांच्या कारकिर्दीतली दुबळी बाजू येथेच दिसते. एकाच वेळी जहाज, विमान आणि मोटार असे तीन प्रचंड उद्योग हाती घेणाऱ्या या माणसाचे भांडवल नेहमी ताणलेले असे आणि ज्या सरकारशी भांडायचे, त्याच्याच दारी परवान्यासाठी उभे राहावे लागे.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. तोवर बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही स्पर्धेत आली होती. पहिला मान आपल्याला मिळावा म्हणून धडपडलेल्या माणसाची सात-आठ वर्षे कागदपत्रांत गेली होती. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कारभारातून निवृत्त झाले. प्रीमियरची धुरा त्यांचे धाकटे बंधू लालचंद यांनी वाहिली. इटलीच्या फियाटशी संबंध जुळले ते याच सुमारास. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. मोटारउद्योगावरील टॅरिफ कमिशनचा अहवाल त्याच वर्षी आला. गाडी येथे घडवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नाही, अशांनी नुसती जुळणी करू नये, असे सरकारी धोरण त्यातून ठरले आणि फोर्ड, जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. वालचंद ज्यासाठी भांडले, ते असे त्यांच्या पश्चात घडले.

कुर्ल्यात फियाट ११०० घडू लागली. तिचे १०८९ सीसीचे इंजिनही हळूहळू येथलेच झाले. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी. स्पर्धा नसल्यामुळे मात्र ते इंजिन आणि तो सांगाडा वर्षानुवर्षे तसेच राहिले. १९८३ च्या अखेरीस मारुती आली आणि बाजार पालटला. सांगाडा बदलायचा तर पत्रा दाबण्याचे सारे साचे नव्याने करावे लागतात आणि तो खर्च अवाढव्य. त्यामानाने इंजिनाचे तंत्र विकत घेणे स्वस्त. म्हणून १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई आणली : १९६६ साली अवतरलेल्या फियाट १२४ चा सांगाडा आणि आत जपानच्या निस्सानचे ११७१ सीसी इंजिन. नव्वदच्या दशकात पद्मिनीलाही इटालियन बनावटीचे डिझेल बसले. तिकडे उत्तरपाड्याच्या अ‍ॅम्बॅसडरला इसुझूचे इंजिन मिळाले. गावोगावचे मिस्त्री झाडाखाली जे करत होते, तेच कंपन्यांनी कराराच्या कागदावर केले, इतकाच फरक. इंजिन पुन्हा दुसऱ्याचे झाले. वालचंदांना हे रुचले असते, असे वाटत नाही. पण अठ्ठावीस वर्षांची बोट घेऊन लंडनला निघालेल्या माणसाला त्यातली निकड समजली असती.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्यात सीएनजीच्या टाक्या बसवून तिला आणखी वीस वर्षे चालवले. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून हटली. डिझेल बसवलेल्या जुन्या डॉज-प्लायमाउथपैकी काही आता हौशी मंडळींनी मिळवल्या आहेत आणि गंमत अशी, की ते मिस्त्रीने बसवलेले डिझेल काढून मूळचे पेट्रोल इंजिन शोधत फिरतात. बहुतेकांना ते मिळत नाही. नोंदणीपुस्तकात इंजिनाच्या क्रमांकावर खाडाखोड दिसते. खालच्या रकान्यातला चॅसिसचा क्रमांक तेवढा कुर्ल्यात ठोकला, तसाच आहे.