दार्तान्यांची मिशी

डग्लस फेअरबँक्स यांनी मिशी राखली ती एका भूमिकेसाठी; पुढे ती त्यांची कायमची ओळख ठरली. अलेक्झांडर द्युमा यांच्या १८४४ च्या कादंबरीवरील 'द थ्री मस्केटिअर्स' हा मूकपट १९२१ मध्ये झळकला. त्यात अडतीस वर्षांचे फेअरबँक्स कोवळा, उतावळा दार्तान्यां झाले. एका हातावर शरीर तोलून कोलांटी घेत तलवार उचलण्याची त्यातली चपळाई आजही थक्क करते.

डेन्व्हरला १८८३ मध्ये जन्मलेला हा नट रंगभूमीवरून चित्रपटात आला. १९१९ मध्ये चॅप्लिन, मेरी पिकफर्ड व ग्रिफिथ यांच्यासह त्यांनी 'युनायटेड आर्टिस्ट्स'ची स्थापना केली.

१९२९ च्या 'द आयर्न मास्क'मध्ये ते पुन्हा दार्तान्यां झाले. तोवर बोलपट उंबरठ्यावर आला होता. या मूकपटाला जोडलेल्या छोट्या निवेदनांत प्रेक्षकांनी त्यांचा आवाज ऐकला आणि अखेरीस त्यांच्या लाडक्या नायकाचा मृत्यूही पाहिला. मूकपटांचा हा निरोपच म्हणायचा! ज्याचे शरीरच बोलत असे, त्याला संवादांची गरज कधी भासली नव्हती. बोलपटांत ते रमले नाहीत. १९३४ नंतर पडद्यावर नायक म्हणून दिसले नाहीत. १२ डिसेंबर १९३९ रोजी हृदयविकाराने ते गेले, तेव्हा अवघे छप्पन्न वर्षांचे होते.