कोकणातलं शेतकऱ्याचं पोरगं इटलीत लढलं! व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नाईक यशवंत घाडगे यांची कहाणी

पालम (प्रतिनिधी) : आपल्याकडं जुलै महिना म्हणजे सोयाबीन, कापसाच्या पेरणीची धावपळ. कोकणात याच दिवसांत भाताची लावणी चालू असते. १९४४ सालच्या अशाच जुलैमध्ये कोकणातला एक २२ वर्षांचा जवान हजारो किलोमीटर लांब, इटलीच्या डोंगरात जर्मन मशीनगनवर एकटाच चालून गेला. त्यांचं नाव नाईक यशवंत घाडगे. फौजेची तयारी करणाऱ्या पोरांना हे नाव माहीत असतं, पण त्या दिवशी नेमकं काय झालं ते फार थोड्यांना माहीत आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आता रायगड. या भागातली शेती म्हणजे भाताची, तीही पावसावरची. वावर लहान आणि खाणारी तोंडं जास्त. त्यामुळं तरुण पोरांपुढं दोनच वाटा असायच्या, एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. घाडगे पलटणीत गेले.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये सक्तीची भरती होती, तिथल्या तरुणाला कायद्यानं फौजेत जावंच लागायचं. हिंदुस्थानात तसा कायदा नव्हता. तरी २५ लाखांच्या आसपास हिंदी जवान त्या युद्धात फौजेत होते. कागदावर सगळे स्वखुशीनं गेलेले. पण एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घरातलं पोरगं पगारासाठी भरती होतं, तेव्हा त्यात खुशी किती आणि गरज किती, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही.

घाडगे ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या ३ ऱ्या बटालियनमध्ये होते. याच रेजिमेंटचं केंद्र आज बेळगावला आहे. शिपाई म्हणून आलेला हा जवान नाईक झाला. नाईक म्हणजे दोन फितीवाला, साधारण दहा जणांच्या तुकडीचा म्होरक्या. पायदळात सगळ्यात पुढं हीच तुकडी असते.

१९४४ च्या जूनमध्ये रोम दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात आलं. जर्मन फौज उत्तरेकडं मागं सरकत होती, पण सुखासुखी नाही. प्रत्येक डोंगरावर मशीनगन लावून ती वाट अडवायची. आपली १० वी हिंदी डिव्हिजन तेव्हा टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढत होती. घाडगे यांची बटालियन तिच्यातच होती.

१० जुलैला मराठ्यांच्या एका कंपनीनं शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला केला. घाडगे यांची तुकडी पुढं सरकली आणि अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. काही क्षणांत तुकडीतले सगळे जण एक तर ठार झाले, नाही तर जखमी होऊन पडले. उभे राहिले फक्त घाडगे.

मागं सरकून आडोसा घेतला असता तर कुणी बोल लावला नसता. पण ते सरळ मशीनगनकडं धावले. आधी हातगोळा टाकला. त्यानं मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद झाले. मग तिथल्या आणखी एकाला गोळी घातली. दोघं उरले होते. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या आणि मॅगझिन बदलायला सवड नव्हती. घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्यानं झोडपून त्या दोघांनाही संपवलं. ठाणं हाती आलं. पण लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्या छातीवर आणि पाठीवर गोळ्या झाडल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इंग्रज फौजेत शौर्यासाठी यापेक्षा मोठं पदक नव्हतं. ते व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्यांच्या पत्नीनं स्वीकारलं. कुंकू गेलं आणि हातात पदक आलं. शौर्याची गोष्ट सांगताना या बाईचं दुःख आपण विसरून जातो, ते विसरू नये.

इटलीच्या लढाईत एकूण सहा हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यातले दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. तिथल्या लढाईत ५ हजार ७०० हून जास्त हिंदी जवान कामी आले.

काही जण म्हणतात, हे तर इंग्रजांसाठी लढले. राज्य इंग्रजांचं होतं हे खरंच आहे. १९४२ पासून देशात चले जाव चालू होतं आणि आपला परभणी जिल्हा तर निजामाच्या अमलाखाली होता. पण समोर हिटलरची फौज होती, हेही तेवढंच खरं. आणि घाडगे धावले तेव्हा मागं त्यांचेच सोबती रक्तात पडले होते. त्यांच्याकडं बघताना हे ध्यानात ठेवावं.

घाडगे यांची कबर कुठंच नाही. इटलीत कॅसिनो इथं, ज्यांच्या कबरीचा पत्ता लागला नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं स्मारकावर कोरली आहेत, त्यात त्यांचं नाव आहे. माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात त्यांचा पुतळा उभा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोन्तोने या गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. सगळ्यांवर सूर्य एकच, असा त्याचा भाव आहे.

आपल्या भागातूनही पोरं फौजेत जातात. कुणाच्या घरी जुन्या सैनिकाचं पदक, पेन्शनचा कागद, पलटणीचा नंबर असलेली चिठ्ठी असेल तर ती रद्दीत घालू नका, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. महायुद्धात कामी आलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. नाव आणि पलटण माहीत असली की पुष्कळदा पत्ता लागतो. घाडगे यांचं नाव परक्या मुलखातल्या गावानं जपलं. आपल्या गावातली नावं आपणच जपायची आहेत.