पाणी कुणाला, घाण कुणाला? बाबासाहेबांच्या आयुष्यातून समजून घ्या 'पर्यावरणीय वंशभेद'

१९८२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, वॉरेन काउंटीत, विषारी माती पुरायचं ठरलं. तिथली बहुतेक वस्ती कृष्णवर्णीय आणि गरीब होती. लोक ट्रकांसमोर आडवे झाले, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. उद्योगांची घाण नेहमी आमच्याच दारात का, हा त्यांचा प्रश्न होता. या लढ्यातूनच 'पर्यावरणीय वंशभेद' हा शब्द जगभर गेला.

शब्द नवा होता. आपल्याकडे मात्र स्वच्छ पाणी कुणाला आणि घाणीचं काम कुणाला, हे जात शतकानुशतकं ठरवत आली होती. हे वाटप मोडायला आयुष्य खर्ची घालणारा माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

तहानेपासून सुरुवात

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे भीमरावांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतलं तरच प्यायचं, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. लहानपणी एकदा भावंडांबरोबर ते वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने जायचं होतं. सोबत जेवण होतं, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही. मुलांनी रात्र उपाशीच काढली.

महाडचं तळं

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. रावबहादुर सी. के. बोले यांनी तो मांडला होता. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केलं, पण फक्त कागदावर. गुरंढोरं तिथे पाणी पीत होती, माणसांना मात्र बंदी होती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. तळं बाटलं म्हणून शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. माणसाच्या स्पर्शाने पाणी घाण होतं आणि शेणाने स्वच्छ होतं, असा हा न्याय! कोर्टातली लढाई दहा वर्षं चालली. १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

महाडच्याच परिषदेत आणखी एक गोष्ट ठरली. मेलेली जनावरं ओढायची नाहीत. गावाची घाण जन्माने एकाच जातीच्या गळ्यात बांधलेली होती, ते ओझं आता नाकारायचं होतं.

गिरणीच्या आत

बाबासाहेब अनेक वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिले. चारी बाजूंना गिरण्या होत्या. अस्पृश्य कामगारांना गिरणीत काम मिळायचं, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. का? धोट्यातून सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. कारखाना नवा असला तरी आतली वाटणी जुनीच होती, हे त्यांनी कामगार पुढाऱ्यांना ऐकवलं.

कोळशाच्या खाणीत

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला जाऊन ते स्वतः खाणीत उतरले. पुढच्या वर्षी खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. सगळंच मनासारखं झालं नाही. युद्धकाळात सरकारने स्त्रियांच्या भूमिगत कामावरची बंदी उठवली आणि विधिमंडळात या निर्णयाची बाजू त्यांनाच मांडावी लागली. ती बंदी १९४६ मध्ये परत लागू झाली.

त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. दोन्हीकडचं दुःख सारखंच आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

तळ्यातून संविधानात

संविधानाचं कलम १५ काढून बघा. सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानघाट वापरण्यापासून जातीच्या कारणाने कुणालाही रोखता येणार नाही, असं तिथे लिहिलंय. चवदार तळ्याची लढाई अशी कायद्यात उतरली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. पुढे १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त हवा आणि पाणीही येतं, असं सांगितलं.

मग आज काय?

महाडमध्ये आता रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे आणि सावित्री नदीच्या प्रदूषणाच्या तक्रारी जुन्या आहेत. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या आणि त्या कुटुंबांना रिफायनऱ्यांना खेटून असलेल्या माहुलमध्ये घरं दिली. हवेमुळे लोक आजारी पडू लागले. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या.

तुमचं गाव नंदुरबारमधलं रनाळे असो की कोकणातलं महाड, एकदा बघा. कचरा कुठे टाकला जातो? गटार कुठे जाऊन थांबतं? आणि तिथे सगळ्यात जवळ कुणाची घरं आहेत?