मिसेस डिसा आणि तो डावा डोळा : ललिता पवार यांची जीवनकथा

रत्नागिरीपासून वसईपर्यंतच्या जुन्या पिढीतील वाचकांना 'अनाडी' (१९५९) चित्रपटातील ख्रिस्ती घरमालकीण मिसेस डिसा आठवत असतील. तोंडाने फटकळ, भाडेकरू राजवर पुत्रवत माया करणारी आणि अखेर भेसळयुक्त औषधाने प्राण गमावणारी ही बाई पडद्यावर उभी केली ललिता पवार यांनी. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्यांच्या चेहऱ्यामागील वेदनेविषयी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी विचार केला असेल.

१८ एप्रिल १९१६ रोजी येवल्यात जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव अंबा सगुण. बालवयातच त्या मूकपटांत आल्या. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. पुढे बोलपटांत त्या नायिका झाल्या, स्वतःची गाणी स्वतः गाऊ लागल्या. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोड्याच्या शाळेत अनेक वर्षे शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकर यांच्या कथेवरील 'अमृत' (१९४१) मध्येही त्यांनी काम केले.

१९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एका प्रसंगात सहकलाकार भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. हात फार जोरात बसला. त्यामागे कोणताही आकस नव्हता, तो अपघातच होता. ललिताबाईंच्या डाव्या डोळ्यातील शीर फुटली आणि चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचार सुमारे तीन वर्षे चालले असे सांगितले जाते. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

चेहऱ्याच्या स्नायूंना हालचाल देणारा मज्जातंतू कानाजवळच्या हाडातील अरुंद मार्गातून येतो. त्याला इजा झाली की ओठ एका बाजूस ओढला जातो, पापणी नीट मिटत नाही, घास गालात अडकतो. तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. एवढ्या मंद गतीच्या दुखण्यात धीर धरणे किती कठीण, हे घरात असा रुग्ण सांभाळलेल्यांना ठाऊक आहे. आणि ज्या स्त्रीची उपजीविकाच चेहऱ्यावर अवलंबून, तिचे काय झाले असेल!

नायिकेच्या भूमिका संपल्या. वय होते अवघे सव्वीस. त्यांनी चरित्र भूमिका स्वीकारल्या. प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. 'दहेज' (१९५०) सारख्या चित्रपटांनी त्यांना खाष्ट सासूची ओळख दिली. तो बारीक डोळा आता कपटाची खूण ठरला. आम्हाला येथे थोडे थांबावेसे वाटते. एका जखमेला प्रेक्षकांनी दुष्टपणा मानले आणि ललिताबाईंनी तो समज आपल्या कामास जुंपला. याला दुखण्यावरील विजय म्हणणे आम्हाला पटत नाही. दुखणे गेले नव्हते, ते रोज त्यांच्यासोबत कॅमेऱ्यासमोर उभे राहत होते. त्यातही 'श्री ४२०' (१९५५) मधील केळेवाली गंगामाई आणि नंतरची मिसेस डिसा पाहाव्यात. डोळा तोच, ओठांची ठेवण तीच. परंतु त्यातून माया पाझरते. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची आपली सवय किती फसवी आहे, हे हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'त लख्ख दिसते.

१९६१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. १९८७ मध्ये दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेत त्यांनी मंथरा साकारली आणि घरोघरी मुले त्या डोळ्याला घाबरू लागली. अपघाताला तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यातील औंध येथे त्यांचे निधन झाले.