बेझंटबाईंचे दोन खटले

ॲनी बेझंट हे नाव आपल्याला प्रथम भेटते ते शालेय इतिहासात, होमरूलच्या प्रकरणात, लोकमान्यांच्या नावाला जोडून. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांनी आपला होमरूल संघ काढला आणि सप्टेंबरात मद्रासला बाईंनी आपला. परीक्षेला एवढे पुरते. मी मात्र त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते निराळ्याच कारणाने. ही बाई आयुष्यात दोनदा मुलांच्या ताब्यासाठी न्यायालयात उभी राहिली. पहिल्या वेळी ती पोटची मुलगी राखू पाहणारी आई होती, दुसऱ्या वेळी परक्याची मुले राखू पाहणारी पालक. दोन्ही वेळा समोर बाप होता, आणि दोन्ही वेळा बाईंच्या हातात त्या बापाने सही केलेला कागद होता.

१ ऑक्टोबर १८४७ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांच्या असताना वडील गेले. हॅरो येथील शाळेच्या मुलांसाठी खाणावळ-वसतिगृह चालवून आईने दिवस काढले. १८६७ च्या डिसेंबरात, विसाव्या वर्षी, फ्रँक बेझंट या पाद्र्याशी त्यांचे लग्न झाले. डिग्बी हा मुलगा १८६९ मध्ये झाला, मेबल ही मुलगी १८७० मध्ये. कथा लिहून बाईंनी पहिली कमाई केली तीस शिलिंगांची. ती रक्कमही त्या वेळच्या कायद्याने नवऱ्याची!

१८७१ मध्ये तान्ह्या मेबलला डांग्या खोकला झाला. पोर जगते की जाते अशी अवस्था कित्येक दिवस होती. दयाळू परमेश्वर एवढ्याशा जिवाला असा का छळतो, हा प्रश्न त्या उशाशी बसलेल्या आईच्या मनात शिरला तो कायमचाच. पुढे त्यांनी चर्चमधील प्रभुभोजनाचा विधी घेण्यास नकार दिला. पाद्र्याच्याच बायकोने असे करावे, हे गावात कसे चालावे? विधी पाळ, नाहीतर घर सोड, असा पेच पतीने घातला आणि बाईंनी घर सोडले. १८७३ च्या ऑक्टोबरात विभक्त राहण्याचा करारनामा झाला. मेबल आईकडे, डिग्बी बापाकडे, वर्षातून एक महिना मुलांची अदलाबदल, आणि बाईंना वर्षाला ११० पौंड पोटगी.

येथे कायद्याकडे थोडे वळावे लागते. इंग्लंडात मुलांवर बापाचा हक्क जवळजवळ निरंकुश होता. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तीन मुले नवऱ्याने अशीच हिरावून नेली होती. तिच्या खटपटीमुळे १८३९ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांसाठी आईला निदान अर्ज करता येऊ लागला. १८७३ च्या कायद्याने ही मर्यादा सोळा वर्षांवर नेली आणि नवरा-बायकोंच्या विभक्ततेच्या करारातील ताब्याची कलमे ग्राह्य धरली. मात्र मुलाच्या हिताचे नाही असे न्यायालयाला वाटल्यास असे कलम अमलात येणार नव्हते. वाचताना ही तरतूद किती शहाणपणाची वाटते! बाई अडकल्या त्या नेमक्या तिच्यातच.

१८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि बेझंटबाई यांनी नोल्टन या अमेरिकन डॉक्टरचे संततिनियमनावरील पुस्तक पुन्हा छापले. खटला झाला. सहा महिने कैद आणि २०० पौंड दंड ही शिक्षा पुढे तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाली; पण फ्रँक बेझंटना कारण मिळाले. आई नास्तिक आहे, असली पुस्तके छापते आणि मुलीला धर्मशिक्षण देत नाही, अशी त्यांची तक्रार. १८७८ च्या मे महिन्यात सर जॉर्ज जेसेल यांच्यापुढे बाईंनी वकील न देता स्वतः बाजू मांडली. बाईमाणसाने स्वतः उभे राहावे हेच न्यायमूर्तींना रुचले नाही. आईच्या मायेत किंवा काळजीत कसूर आहे असे त्यांनीही म्हटले नाही. पण अशा आईजवळ वाढलेल्या मुलीला प्रतिष्ठित समाज जवळ करणार नाही, म्हणून तिचे हित बापाकडे, असा निकाल झाला. जेसेल हे स्वतः यहुदी होते, मास्टर ऑफ द रोल्सच्या पदावर बसलेले पहिलेच. बहुसंख्यांच्या धर्माबाहेर असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते, असे मला राहून राहून वाटते.

तापातून नुकत्याच उठलेल्या, आठ वर्षेही पुरी न झालेल्या मेबलला बापाचा माणूस येऊन रडतओरडत घेऊन गेला. बाई कित्येक दिवस अंथरुणाला खिळल्या. १८७९ च्या अपिलात निकाल कायम राहिला, फक्त भेटीची मुभा मिळाली. त्या भेटींनी मुलांचे हालच होतात हे पाहून बाईंनी भेटणेही सोडले आणि मुले सज्ञान होण्याची वाट पाहिली. हा निर्णय मला आजही पुरता उमगत नाही. पण मोठी झाल्यावर दोन्ही मुले आईकडे आली, हे खरे.

मधली वर्षे कामाने गच्च भरलेली आहेत. १८८८ चा काडेपेटी कारखान्यातील मुलींचा संप, १८८९ मध्ये थिऑसॉफीचा स्वीकार, १८९३ मध्ये भारतात आगमन, १८९८ मध्ये काशीचे सेंट्रल हिंदू कॉलेज, १९०७ पासून थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्षपद.

सोसायटीच्या अड्यार येथील आवारात नारायणय्या हे निवृत्त महसूल कर्मचारी आईवेगळी मुले घेऊन कामाला आले होते. त्यांच्यातील कृष्णमूर्ती हा मुलगा भावी जगद्गुरू आहे, असे १९०९ मध्ये लेडबीटर या बाईंच्या सहकाऱ्याने ठरवले. मार्च १९१० मध्ये नारायणय्यांनी कृष्णमूर्ती आणि धाकटा नित्यानंद यांचे पालकत्व बाईंना लिहून दिले. १९१२ मध्ये बाईंनी मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला नेले. लेडबीटरच्या सहवासाबद्दल बापाचे गंभीर आक्षेप होते. त्यांनी मुले परत मागितली, आणि बाईंनी नकार दिल्यावर दावा लावला.

मेबलच्या आईची बाजू घेणे मला सोपे जाते. नारायणय्यांच्या बाबतीत मी अडखळतो. लेकरू दूर देशी, परक्या श्रद्धेत वाढते आहे आणि आपल्या हाती काही नाही, हे दुःख १८७८ मध्ये बाईंनीच भोगले होते. त्यांनी ते ओळखले नसेल का? एप्रिल १९१३ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या न्या. बेकवेल यांनी मुले परत करण्याचा हुकूम दिला, अपिलातही तो टिकला. बाई याही वेळी स्वतःच लढल्या. बापाचे वकील होते सी. पी. रामस्वामी अय्यर; गंमत म्हणजे पुढे होमरूलच्या कामात ते बाईंचेच उजवे हात झाले.

मे १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. पण कागदाच्या जोरावर नव्हे. बाप मुलाचा ताबा दुसऱ्याकडे सोपवू शकतो, तथापि पालकत्व कायमचे देऊन टाकू शकत नाही, दिलेली संमती तो मागे घेऊ शकतो, हे तेथेही मान्य झाले. बाई जिंकल्या त्या निराळ्या मुद्द्यांवर. मुले इंग्लंडात राहत होती, म्हणून ज्या चिंगलपेटच्या न्यायालयात दावा मुळात दाखल झाला, त्याला अधिकार नव्हता. शिवाय मुलांना दाव्यात पक्षकार केलेले नव्हते आणि त्यांची इच्छा विचारलेली नव्हती. मेबलला तर कोणीच काही विचारले नव्हते. पालकत्वाच्या खटल्यांत हा निकाल आपल्या न्यायालयांपुढे नंतरही येत राहिला.

कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये जगद्गुरुपद नाकारून आपल्यासाठी उभारलेला संघ मोडला, बाईंवरची माया मात्र ठेवली. बाई २० सप्टेंबर १९३३ रोजी अड्यारला वारल्या. फ्रँक बेझंट लिंकनशायरमधल्या सिब्सी या गावी अखेरपर्यंत पाद्री होते. ते वारले १९१७ मध्ये, बाई कलकत्त्याच्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या त्याच वर्षी. चव्वेचाळीस वर्षे दोघे वेगळे राहिले, पण घटस्फोट कधीच झाला नव्हता.