‘हॅम्लेट’ मराठीत आणणारे आगरकर: वऱ्हाडात शिकलेला मुलगा डोंगरीच्या तुरुंगात कसा पोहोचला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीत अकरावीच्या मुलाने २०१९ साली आलेलं इंग्रजीचं ‘युवकभारती’ उघडलं, की त्यात शेक्सपिअर आणि इब्सेनच्या नाटकांचे उतारे दिसतात. प्रश्न साहजिक आहे. चारशे वर्षांपूर्वीचं परक्या देशातलं नाटक शिकून उपयोग काय?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं, आणि त्याची शाळाही वऱ्हाडातलीच होती. तो माणूस म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

टेंभू ते अकोला

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातला. घरची परिस्थिती बेताची. शिकायचं म्हणून ते अकोल्याला नातेवाइकांकडे आले आणि १८७५ साली इथूनच मॅट्रिक झाले.

अकोल्यात त्यांना विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक लाभले. महाजनींनी शेक्सपिअरचं ‘सिंबेलाइन’ हे नाटक ‘तारा’ नावाने मराठीत आणलं. म्हणजे वऱ्हाडातल्या शाळेत शेक्सपिअर फक्त परीक्षेपुरता नव्हता. शिकवणारे मास्तरच त्याला मराठी बोलायला लावत होते.

पुढे आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तेव्हा त्यांच्याकडे एकच सदरा होता, तो रात्री धुवून सकाळी घालायचे, असं सांगितलं जातं. एमए झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी आईला पत्र लिहून ती आशा सोडायला सांगितलं आणि चिपळूणकर-टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते मास्तर झाले.

१०१ दिवस

१८८१ साली ‘केसरी’ सुरू झाला. पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याचा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त छापून आला. दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात मुंबईच्या डोंगरी तुरुंगात ते १०१ दिवस राहिले.

याच दिवसांत आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर हाती घेतलं. १८८३ साली ते ‘विकारविलसित’ नावाने प्रसिद्ध झालं. डेन्मार्कचा राजपुत्र मराठीत चंद्रसेन झाला. विकारविलसित म्हणजे मनातल्या विकारांचा खेळ. राजवाड्यातल्या कटापेक्षा माणसाच्या मनात काय चालतं, यावर आगरकरांची नजर होती, हे या नावातच कळतं.

नाटकाने काय दिलं?

हॅम्लेट हा विद्यापीठातून घरी परतलेला तरुण. वडिलांचा खून झाला, असं भूत सांगतं. तो लगेच तलवार उपसत नाही. दरबारात एक नाटक घडवून आणतो आणि काकाचा चेहरा पाहून खात्री करून घेतो. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं. आगरकर पुढे आयुष्यभर रूढींबद्दल हेच करत राहिले.

इंग्रजीच्या अभ्यासातून मिळालेलं त्यांनी मराठीत परत आणलं. ‘वाक्यमीमांसा’ लिहून मराठी वाक्याची रचना उलगडून दाखवली. ‘विकारविलसित’ रंगभूमीवर गेलं आणि गणपतराव जोशींचा चंद्रसेन गाजला. इंग्रजीचा एक शब्दही न येणाऱ्या प्रेक्षकापर्यंत हॅम्लेट पोहोचला.

किंमतही मोजली

सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून टिळकांशी मतभेद वाढले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचं केशवपन, स्त्रीशिक्षण यांवर ते थेट लिहायचे. चिडलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दमा मात्र पाठ सोडत नव्हता. १७ जून १८९५ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ३९ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

नाटक शिकून प्रत्येक जण आगरकर होणार नाही. पण वर्गात ‘हॅम्लेट’ वाचताना, हा असं का वागला, त्याच्या जागी आपण काय केलं असतं, असं एखाद्याने विचारलं, तर त्याचा अभ्यास गुणांच्या पलीकडे गेलेला असतो. अकोल्यात शिकलेल्या एका गरीब मुलाच्या बाबतीत तेच झालं होतं.